डाव्या टाचेची भेग

१

कातळावर अनवाणी चालणाऱ्या बाईच्या टाचा फुटतात. आमच्या भाट्याच्या खाडीच्या अंगाला सगळ्याच बायकांच्या फुटतात, त्यात नवल नाही. राहीच्याही फुटलेल्या होत्या. राही माझी बायको. संध्याकाळी होड्यांचं काम आटोपून मी घरी आलो की ती भात वैरायची, आणि भात शिजेपर्यंत मी चुलीपाशी बसून तिच्या टाचांना कोकमाचं तेल लावायचो. कोकमाच्या तेलाचा गोळा असतो, मेणासारखा घट्ट. तो निखाऱ्यावर जरा धरायचा, पातळ झाला की अंगठ्यानं भेगेत भरायचा.

आई पडवीतून ओरडायची, "धोंडू, मेल्या, बायकोच्या पायाशी बसतोस? दार तरी लोट. लोकं बघतील."

"बघू देत आई," राही म्हणायची. "त्यांच्या घोवांना तरी अक्कल येईल."

आम्हाला मूल नव्हतं. त्यामुळे घरात लाड करायला आम्हीच एकमेकांना होतो.

तिच्या डाव्या टाचेला मधोमध एक खोल भेग होती. खालून सरळ वर यायची आणि वर तिला दोन फाटे फुटायचे. दोन ओढे येऊन खाडीला मिळावेत तशी. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी मला ती ओळखता यायची. माझं शिक्षण दुसऱ्या इयत्तेपर्यंतचं. अक्षरं मी पुष्कळ विसरलो, पण ती भेग विसरलो नाही. पुढचं सगळं त्या भेगेमुळेच मी खात्रीनं सांगू शकतो.

२

एकोणीसशे बावीस सालच्या चैत्रात राही आणि शेजारची हौसा भाजावळीसाठी, भाताच्या रोपांची जमीन भाजायला, पातेरा गोळा करायला गेल्या. वाळक्या पानांच्या ढिगात फुरसं होतं. राहीला डाव्या घोट्याच्या वर चावलं. हातभरसुद्धा नव्हतं, हौसा म्हणाली, आणि करवत चालावी तसं वाजत होतं.

गावात जे करतात ते केलं. पोटरीला दोरी आवळली, पाला बांधला. पाय सुजला, मग निळा झाला, मग काळा झाला. वास यायला लागला तेव्हा रावजी तरीवाल्यानं आपण होऊन तरीची होडी किनाऱ्याला लावली आणि आम्ही खाडी ओलांडून तिला रत्नागिरीच्या इस्पितळात नेलं.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं मला बाकावर बसवून समजेल असं सांगितलं. "पाय ठेवला तर बाई जाईल. पाय काढला तर बाई राहील. गुडघा मी वाचवतो. गुडघा असला की लाकडी पायावर माणूस झकास चालतं. तुम्ही काय काम करता?"

"सुतार," मी म्हणालो. "होड्या बांधतो."

"मग झालं तर. पाय तुम्हीच करा."

मी कागदावर अंगठा उठवला. मला विचार करायला वेळ लागतो, पण तेव्हा लागला नाही.

तिथल्या पडवीत पाय गेलेले आणखी लोक होते. साखरेच्या रोगानं पाय सडलेला एक म्हातारा दिवसभर भिंतीकडे तोंड करून असायचा. बाबू नावाचा एक खलाशी होता. नांगराच्या साखळीत त्याचा उजवा पाय चेचला होता. राही शुद्धीवर येऊन रडायला लागली तेव्हा तोच पहिला बोलला.

"वयनी, रडताव कशाला? माजा उजवा गेला, तुमचा डावा. आपन दोगांत एकच चपलांचा जोड घेऊ. जोड मोडू नये, काय?"

राही रडतारडता हसली. मला त्या माणसाचा आधार वाटला. जोड मोडू नये हे त्याचं बोलणं नंतर मला फार वेळा आठवलं.

३

पाय इस्पितळानं टाकून द्यायचा असं ठरत होतं. आईनं ऐकलं नाही. "माज्या सुनेचा पाय कुत्र्याच्या तोंडी जाईल. घेऊन ये."

मी तो राहीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून टोपलीतून आणला. तान्ह्या पोराएवढं वजन होतं. तरीत रावजी माझ्याकडे न बघता वल्ही मारत राहिला. घरी आल्यावर टोपली पडवीत जरा वेळ ठेवली, आणि मग खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या रेषेच्या वर, उंडीच्या झाडाखाली मी खड्डा खणून पाय पुरला. माणूस जिवंत असताना अग्नी कसा द्यायचा, म्हणून पुरला.

परत आलो तर पडवीत टोपली ठेवली होती त्या जागी आईनं तांदळाचं पीठ पसरलं होतं, मध्ये दिवा लावला होता आणि त्यावर दुसरी टोपली पालथी घातली होती.

आमच्यात माणूस गेला की हे करतात. सकाळी टोपली उचलून पिठात काय उमटलंय ते बघायचं. पाखराचा पाय उमटला तर पाखराचा जन्म, गाईचा खूर उमटला तर गाईचा. मग ते पीठ वाहत्या पाण्यात सोडून द्यायचं.

"आई, हे मेलेल्या माणसाचं असतं," मी म्हणालो.

"जो गेला तो गेला," आई म्हणाली. "या घरात त्यानं वीस वर्षं काम केलंन. त्याला दिवा नको?"

सकाळी तिनं टोपली उचलली. पिठात पाऊल होतं. माणसाचं, डावं. आईनं हात जोडले. "मानसाचाच जन्म. चांगला झाला."

मी वाकून बघितलं. टाचेवर भेग होती. खालून एक, वर दोन फाटे. आणि पावलाची बोटं बाहेर अंगणाकडे नव्हती, आत माजघराकडे होती.

मी मनाशी म्हटलं, आईचाच हात लागला असेल. मुंगळे फिरले असतील. रात्रभर जागलेल्या माणसाला पिठात काहीही दिसतं.

पीठ खाडीत सोडायला मी टोपली पुढं केली तर आईनं ते आधीच एका मडक्यात भरलं होतं. "राही जिती हाय. सुतक नाय, काय नाय. खायला नको, पन रांगोळीला होईल." आणि मडकं फळीवर ठेवून दिलं.

४

पाय मी शिवणीच्या लाकडाचा केला. शिवण हलकी असते आणि वाकत नाही. वर गुडघ्याखालचा भाग बसेल अशी वाटी कोरली, आत मऊ फडकं बसवलं, चामड्याचे पट्टे लावले, खाली खुंटाच्या टोकाला खैराचा तुकडा ठोकला. डॉक्टरानं बघून दोनदा बोटांनी वाजवला आणि म्हणाला, "होडी तरंगणार."

श्रावणात राही घरभर चालायला लागली. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिचा आवाज यायचा. थप, टक. थप, टक. तो आवाज ऐकत मी बाहेर खळ्यात, घरापुढच्या अंगणात, रंधा मारायचो. त्या दिवसांइतका मी कधी सुखी नव्हतो असं आता वाटतं. संध्याकाळी तेलाचं काम निम्मं झालं होतं, तेवढंच.

पण नसलेला पाय तिला जाणवायचा. "बोटांत वाळू गेलीय," ती म्हणायची. किंवा एकदम पदर आवरायची. "भरती लागली. घोट्यापर्यंत आली."

डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, बहुतेकांना असं होतं, पाय जातो पण नसा विसरत नाहीत. बाबूलासुद्धा अंगठ्याला खाज सुटते आणि तो लाकूड खाजवतो. मला ते पटलं. अजूनही पटतं.

फक्त भरती तिला बरोबर कळायची. घरातून खाडी दिसत नाही. तरी रावजी येता-जाता चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या पाखाडीवरून हाक मारायचा, "वयनी, पानी कवा चढंल?" आणि ती आतून सांगायची. तो हसत जायचा. पुढं पुढं तो विचारायचा तेव्हा हसत नसे.

५

भाद्रपदात गौर आली. आमच्याकडे तेरड्याची गौर असते. ओढ्यावरून तेरडा मुळांसकट उपटून आणतात, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. घरात उंबऱ्यापासून गौरीच्या जागेपर्यंत पिठानं पावलं काढतात आणि घरची सवाष्ण गौर घेऊन त्या पावलांवरून आत येते. लग्न झाल्यापासून आमच्या घरी ती राहीच आणायची.

हौसा आदल्या दिवशी आईला म्हणाली, "काकी, यंदा मी आनू काय? अंगानं अधुरी बाय गौर कशी आनील? लोकं नावं ठेवतील."

राही आत तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. तिला पाय गेल्यापेक्षा ते जास्त लागलं, मी बघत होतो.

आई म्हणाली, "हौसा, माजी सून अधुरी नाय. तिचा पाय हिथंच हाय, चार पावलांवर. गौर तीच आनंल."

आईनं हे ठासून म्हटलं. मग फळीवरचं मडकं काढून त्यातलं पीठ कालवलं, आणि मुठीचे ठसे उठवत, बोटांनी पाची बोटं काढत, उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं काढली. डावं, उजवं, डावं, उजवं. सगळी आत येणारी.

राही ओढ्यावरून गौर घेऊन आली. डोक्यावर पदर, हातात तेरडा, मुळांतून पाणी गळतंय. दारात आईनं विचारलं तसं तिनं उत्तर दिलं, गौर आली, आपल्या पावलांनी आली. आणि ती आत आली. थप, टक. थप, टक. हौसासुद्धा डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी उठलो. उजवी पावलं राहीच्या पायाखाली फिसकटली होती, ते बरोबरच होतं. डाव्या पावलांत तिच्या खुंटाचे गोल ठिपके पडायला हवे होते. ते नव्हते. डावी पावलं स्वच्छ होती, ठळक होती, आणि ती मुठीची नव्हती. मुठीच्या ठशाला भेगा नसतात.

आणि ती गौरीपाशी थांबली नव्हती. आईनं काढली नव्हती तिथं, माजघरातून पुढं, आमच्या अंथरुणापर्यंत गेली होती. एकाच पायाची.

मी आईला हाक मारली नाही. ओलं फडकं घेऊन पुसून काढली. पुसताना अंगठ्याला ती भेग लागली. पिठाला कशी लागेल? पण लागली.

६

त्या दिवसापासून राहीला भरती कळेना. रावजीनं हाक मारली तर ती म्हणाली, "मला काय ठावं? माजा पाय कोरडा हाय." ती आनंदात होती. मीही म्हटलं, नसा विसरल्या.

गौर गेल्यावर एका दुपारी मी खळ्यात वल्हं तासत होतो. आतून पावलं वाजली. थप, थप. थप, थप. माजघरातून स्वयंपाकघरात, परत माजघरात. मला वाटलं हौसा आली. पाणी प्यायला आत गेलो. राही एकटीच भिंतीला टेकून बसली होती. लाकडी पाय काढून शेजारी उभा ठेवलेला.

"कोण आलं होतं?"

"कोन नाय." ती आपल्या उजव्या पायाकडे बघत होती. "अवो, हा गार पडलाय बघा."

मी हात लावला. सकाळच्या वाळूसारखा गार होता.

नंतर ते रोजचंच झालं. सकाळी तिचा उजवा पाय गार, आणि बोटांच्या बेचक्यांत ओली वाळू. ती रात्रभर माझ्या कुशीत असायची. माझी झोप सुताराची आहे, फळी सरकली तरी जाग येते. ती उठून गेली नव्हती. मी वाळूला नाना कारणं दिली. माझ्याच अंगावरून आली असेल, घोंगडीतून आली असेल. पण मग टाच बधिर झाली. मग घोटा. चालताना उजवा पाय ओढायला लागली. थप असा आवाज येईना, फरफट यायला लागली.

डॉक्टरनं टाचणी टोचून बघितली, नाडी बघितली, फार वेळ बघितलं. "या पायाला काही झालेलं नाही," तो म्हणाला, आणि त्याला ते आवडलं नाही हे मला दिसलं. "पण असाच राहिला तर मला हाही..." त्यानं टाचणी परत डबीत ठेवली.

तरीतून परत येताना राही माझ्या कानाशी म्हणाली, "त्या डाव्याचा काय चुकला नाय. जोडीनं चालायची सवय हाय त्याला. हा त्याचा जोड. न्यायला आलाय." मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मला अजून चालायचा हाय हो."

७

लाकडी पायातून उरलेला शिवणीचा ओंडका खळ्यात होता. राहीचं उजवं पाऊल फळीवर ठेवून मी कोळशानं त्याभोवती रेघ मारली आणि कामाला बसलो. इतकं मन लावून मी दुसरं काही घडवलं नाही. घोटा, बोटं, नखं, करंगळी जरा आत वळलेली. टाचेवर तिच्या उजव्या टाचेच्या बारीक भेगा पटाशीच्या कोपऱ्यानं ओढल्या. काम करताना मला भीती वाटत नव्हती. ज्याला जोड हवा त्याला जोड करून द्यायचा, हे मला येत होतं.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. तिनं पाऊल हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि फळीवरून मडकं काढलं. "बोलावलं मीच," ती म्हणाली, "तर वाटेला मीच लावते."

दिवेलागणीला तिनं उरलेलं सगळं पीठ कालवून पावलं काढली. आमच्या अंथरुणापासून उंबऱ्यापर्यंत, सगळी बाहेर जाणारी. शेवटच्या डाव्या पावलाशेजारी उजव्याची जागा मोकळी ठेवली. तिथं मी लाकडी पाऊल ठेवलं. त्याला कोकमाचं तेल चोळलं होतं.

राहीनं दाराकडे बघून हात जोडले. "जा रे बाबा," ती म्हणाली. "पुष्कळ चाललास माज्यासंगं. आता आपल्या वाटेनं जा."

आम्ही तिघं दाराकडे पाठ करून चुलीपाशी बसलो. राहीचा हात माझ्या हातात होता. बाहेर पाखाडीच्या खाली कुणाची तरी गाय हंबरली. मग काही वेळ काहीच नाही.

मग उंबऱ्याशी आवाज आला. थप.

आईनं चुलीत लाकूड सरकवलं.

टक.

थप, टक. थप, टक. खळ्यातून, आणि मग पाखाडीच्या चिऱ्यांवरून खाली. राहीच्या चालण्याचा आवाज, आणि राही माझ्याजवळ बसलेली.

मी वळून बघायला नको होतं, पण बघितलं. खिडकीतून पाखाडीचं वळण दिसतं. दोन्ही बाजूंना तेरडा माजलेला होता. वारा नव्हता. तरी तेरडा बाजूला होत होता, वाटेला कुणी जाताना होतो तसा, एकेक पाऊल पुढं पुढं. फक्त खालचा. गुडघ्याच्या वर एक पान हललं नाही.

आईनं माझ्या गालाला हात लावून माझं तोंड चुलीकडे वळवलं.

सकाळी लाकडी पाऊल जागेवर नव्हतं. राहीचा उजवा पाय गरम होता.

८

आई पुढं दोन वर्षांनी गेली. राही माझ्याबरोबर पुष्कळ वर्षं राहिली. गौरी आणल्या, भात लावलं, बाबू खलाशाच्या मुलीच्या लग्नात मांडवभर फिरली. लाकडी पाय मी तिला तीनदा नवा करून दिला. संध्याकाळी एका टाचेला तेल लावायचो. ती म्हणायची, "आता तरी दार लोटा, म्हातारे झालात." मी लोटायचो नाही.

यंदा माघात तिला ताप आला आणि ती तापातच गेली.

घरात दुसरं कोणी नाही, म्हणून दिवा मीच लावला, पीठ मीच पसरलं, टोपली मीच घातली. सकाळी उचलली.

पावलं दोन होती. डावं आणि उजवं, शेजारी शेजारी, बोटं बाहेर अंगणाकडे. डाव्या टाचेवर भेग. खालून एक, वर दोन फाटे. मी अंगठा ठेवून बघितला.

दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर माझं शिवणीचं पाऊल होतं, नीट ठेवलेलं, परत आणून दिलेली वस्तू ठेवावी तसं. मी ते उजेडात धरलं. इतकी वर्षं खाडीत पडून असतं तर किड्यानं त्याची चाळण केली असती. होडीचं लाकूड कसं खराब होतं ते मला माहीत आहे. त्याला एक भोक नव्हतं. टाच झिजली होती. बाहेरच्या अंगाला जास्त, चालून चालून झिजते तशी. चवड्याखाली कातळाची तांबडी माती बसली होती. मी केलेल्या बारीक भेगा झिजून गेल्या होत्या.

मला त्यात घाबरण्यासारखं काही वाटलं नाही. डाव्याला त्याचा खरा जोड मिळाला, लाकडाची गरज उरली नव्हती, म्हणून परत आलं.

दुपारी टोपलीत पीठ घेऊन मी खाडीवर गेलो. रावजीचा मुलगा तर बांधत होता, त्यानं मला हात जोडले. ओहोटी होती. उंडीखाली मी बराच वेळ उभा राहिलो. पीठ वाहत्या पाण्यात सोडायचं असतं, आणि मला ते सोडायचंही होतं. राही स्वतःच्या दोन पायांनी निघाली आहे, बोटं बाहेर आहेत. तिला वाटेला लावायला हवं, हे मला चांगलं कळतं.

पीठ मी घरी परत आणलं. मडक्यात भरलं. मडकं फळीवर आहे.

घरात आता गौर आणायला बाई नाही. हौसा म्हणाली, मी आणीन. मी तिला नको म्हणालो. भाद्रपदात दार उघडं ठेवून मी उंबऱ्यापासून चुलीपर्यंत पावलं काढणार आहे. डावं, उजवं, डावं, उजवं. सगळी आत येणारी. चुलीपाशी कोकमाचं तेल पातळ करून ठेवीन. आमचाही जोडच होता, पुढं काय होईल ते मला माहीत आहे आणि माझे दोन्ही पाय अजून गरम आहेत.